पातळ लावलेला रंग

सेमिनरीच्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेच्या, ग्रंथालयात छतातला पाइप फुटला आणि दोनशे बारा पुस्तकं भिजली, म्हणून मला ते काम मिळालं. मी बाइंडर आहे. भिजलेली, फाटलेली, कसर लागलेली पुस्तकं पुन्हा उभी करणं हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर माणसांपेक्षा माझं पुस्तकांशी जास्त जमतं. पुस्तक कुठे दुखतंय ते लपवत नाही.

पुस्तकं आवाराबाहेर न्यायची नाहीत, अशी तिथल्या प्रमुखांची, रेक्टर फादरांची, अट होती. वयाने ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान. चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. ग्रंथालयामागची एक खोली त्यांनी मला रिकामी करून दिली. लांब टेबल, उत्तरेची खिडकी, एक बेसिन. पुस्तकं दाबायचा माझा शिकंजा दोन माणसांनी उचलून आत आणला. भिजलेली पुस्तकं जमिनीवर वर्तमानपत्रांवर उभी केलेली होती, पानं पंख्यासारखी उघडून.

"बघा बाई," रेक्टर फादर म्हणाले, "ही सगळी देवाबद्दलची पुस्तकं. आणि पाणीही वरूनच आलंय. आता तक्रार कुणाकडे करायची?"

मी हसले. जाता जाता ते दारात थांबले.

"तुम्ही त्या चित्रकारांच्या कन्या ना? मग एकदा चॅपेलमध्ये या. तुमच्या वडिलांच्या चित्राला काहीतरी झालंय. पोरं म्हणतात, प्रभू दाढी करतोय."

मी "बघते" म्हणाले आणि दोन आठवडे गेले नाही.

माझे बाबा पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मनासाठी चर्चची चित्रं. सेमिनरीतलं हे चित्र त्यांचं सगळ्यांत मोठं काम. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी ते केलं, आणि त्यानंतर कधीही माणसाचा चेहरा काढला नाही. पाट्या मात्र शेवटपर्यंत रंगवल्या. ते चित्र आम्ही घरातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. तेव्हा सेमिनरीच्या आवारात बाहेरच्या बायकांना प्रवेश नसे, आणि पुढे तो मिळाला तेव्हा आम्हाला जावंसं वाटलं नाही. कारण त्याच वर्षी ताई गेली होती.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षांची होती. ताप आला, तिसऱ्या दिवशी डोक्यात गेला, पाचव्या दिवशी पहाटे इस्पितळात ती गेली. आई तीन रात्री तिच्या उशाशी बसून होती. शेवटच्या रात्री बाबांनी तिला बळंबळं घरी पाठवलं, दोन तास पाठ टेक म्हणाले. सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. आई धावत पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर काही महिने आई भेटेल त्याला एकच गोष्ट विचारायची. "डॉक्टर म्हणाले, आत्ताच गेली. मी हात लावला तर ती गार होती. आत्ता गेलेलं माणूस इतकं गार असतं का हो?" कुणी म्हणे, तापानंतर असंच होतं. कुणी विषय बदले. एकदा तिने जेवताना बाबांना विचारलं. बाबा ताटावरून उठले. त्या दिवसापासून आईने विचारणं सोडलं, आणि ताईचं नावही. बाबांनी आपण काढलेली तिची सगळी रेखाटनं अंगणात जाळली, फोटो आईने ट्रंकेत कुलूपबंद केले. अडतीस वर्षं आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. बाबा जाऊनही आता बारा वर्षं झाली. आई एक्याऐंशीची आहे, मी बावन्नची, आणि आम्ही दोघीच राहतो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी खळ थंड व्हायला ठेवली होती आणि हाताला दुसरं काम नव्हतं. मी आवारातल्या प्रार्थनागृहात, चॅपेलमध्ये, गेले.

वेदीच्या उजव्या हाताला, भिंतीत खाली, गुडघे टेकल्यावर समोर येईल अशा उंचीवर तो आडवा कॅनव्हास होता. माणसाएवढा लांब आणि जेमतेम हातभर उंच. क्रूसावरून उतरवलेला ख्रिस्त, दगडी ओट्यावर ठेवलेला. सोबत कोणी नाही, ना त्याची आई, ना शिष्य. पांढऱ्या कापडाने गळ्यापर्यंत झाकलेला, एक हात तेवढा बाहेर. चेहरा किंचित आपल्याकडे वळलेला.

दाढी धुक्यासारखी झाली होती. तपकिरी रंग विरळ होत गेला होता आणि त्याच्या आतून एक गुळगुळीत हनुवटी वर येत होती. पण माझे पाय जागीच थांबले ते डोळ्यांमुळे. वर रंगवलेल्या पापण्या मिटलेल्या होत्या, आणि त्या पापण्यांमधून खालचे दुसरे डोळे दिसायला लागले होते. अर्धवट उघडे. मेलेल्या माणसाचे असतात तसे, कुठेच न बघणारे.

तैलरंग म्हातारा झाला की पारदर्शक होतो, हे मला बाबांकडूनच ठाऊक होतं. वरच्या थरातून खालचं चित्र डोकावतं. म्हणजे यात अघटित काही नव्हतं. तरी मी एका हाताने बाक धरला, कारण खालचा ओठ डाव्या बाजूला जरा कललेला होता. ताई झोपली की तिचा ओठ असा कलायचा. मी चौदा वर्षं तिच्या शेजारी झोपले होते. भिंतीवर फोटो नसल्यामुळे तिचा चेहरा मला आठवेनासा झाला होता, तो आता समोर होता, ख्रिस्ताच्या चेहऱ्याखाली. क्षणभर वाटलं, आता ती विचारणार, किती वाजले गं.

मी खोलीवर परत आले. खळ फुकट गेली होती, तिच्यावर साय धरली होती. त्या दिवशी मी पानांचा एकही फर्मा शिवला नाही.

त्यानंतर मला त्या आवारात एकटीला नकोसं व्हायला लागलं. जिन्यात कुणाची चाहूल लागली की मी मागे बघायची. विद्यार्थ्यांमधला एक दांडगा, उंचपुरा गडी मला म्हणाला, "बाई, आम्ही तिथे दोघंदोघंच बसतो. ध्यान करताना आपण डोळे मिटतो आणि ते उघडतात, असं वाटतं." तो हसत सांगत होता, पण त्याचा आवाज हसत नव्हता.

एकशे एकोणचाळिसावं पुस्तक हातात आलं तेव्हा महिना झाला होता. जाडजूड ग्रंथ, आमच्याच भाषेत उतरवलेला, देवाच्या प्रतिमांविषयीचा. देवाचं चित्र काढावं का, काढता येतं का, यावर शेकडो वर्षं जो वाद चालला त्याचा सगळा इतिहास, मध्ये मध्ये काळीपांढरी चित्रं. कणा पार निखळला होता. मी पानं सोडवायला घेतली आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं.

ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर. 'ल'ला मोठी गाठ आणि शिरोरेघ पट्टीने आखल्यासारखी. बाबा.

पेन्सिलीखाली निळ्या शाईत दुसऱ्या कुणाची उत्तरं होती, बारीक, तिरक्या अक्षरात.

एका पानावर छापलेलं होतं, की ज्याला देह नाही त्याचं चित्र कोण काढणार. पण देवाने देह घेतला, म्हणून त्याचं चित्र काढता येतं. बाबांनी बाजूला लिहिलं होतं, "कुणाचा देह? मला समोर कुणीतरी लागतं. हवेतून हनुवटी काढता येत नाही."

निळी शाई : "देह आपल्या सगळ्यांचाच घेतला. पण चित्र नुसत्या देहाचं होत नाही, कुणा एकाचं होतं. चेहरा म्हटला की कुणीतरी एक आलाच."

पेन्सिल : "मग तो एक मी कुठून आणू?"

अशी पन्नासेक पानं चालली होती. कधी भांडण, कधी थट्टा. एका जागी बाबांनी लिहिलं होतं, "फादर, तुमचे हे धर्मपंडित ब्रश धुवायला आले असते तर चार पानं कमी लिहिली असती." निळ्या शाईने त्यावर नुसती एक बाकदार रेघ ओढली होती, हसल्यासारखी. बाबा इतके बोलके होते हे मला माहीत नव्हतं. घरी ते मीठ मागायचे तेवढंच.

मग पेन्सिल एकदम थांबली होती. दोन प्रकरणं कोरी. पुन्हा सुरू झाली ती मेलेल्या ख्रिस्ताच्या चित्रांवरच्या प्रकरणात. तिथे छापील मजकुरात एक वाक्य होतं : मृत्यूत आत्मा देहापासून वेगळा झाला, पण देव त्या दोहोंपासूनही वेगळा झाला नाही, कबरेत ठेवलेला तो निष्प्राण देहही देवाचाच होता. त्याखाली पेन्सिलीची रेघ इतकी दाबून मारली होती की कागद मागून फुगला होता. आणि समासात, पान आडवं धरून लिहिलेलं होतं :

"साडेपाच ते सात. तेवढा वेळ मी तिच्या आईला बोलावलं नाही. नर्स म्हणाली, घरी कळवा. मी म्हणालो, कळवतो. आणि वही काढली. डोळे अर्धे उघडे होते. ते तसेच काढले, मग मिटवले. मग फोन केला. त्या दीड तासात देव तिथे होता असं हे पुस्तक म्हणतं. असेल तर त्याने पाहिलंय मी काय केलं ते."

माझ्या हातातली पानं सोडवायची हाडाची पट्टी खाली पडली. आईचे ते शब्द माझ्या कानात होते, आत्ता गेलेलं माणूस इतकं गार असतं का हो.

ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आणखी एक नोंद होती. "दाढी घातली. डोळे मिटले. तुम्ही सांगितलंत तसं. रंग पातळ लावलाय, तेल जास्त घातलंय. तीस-चाळीस वर्षं टिकेल. तोवर आम्ही दोघंही नसू." त्याखाली निळ्या शाईत एकच ओळ : "हे मी उशिरा वाचलं."

निळी शाई कुणाची ते रेक्टर फादरांनी एका नजरेत ओळखलं. "हे मोठे फादर. आम्हाला धर्मशास्त्र त्यांनीच शिकवलं. मागच्या इमारतीत असतात, म्हाताऱ्या फादरांच्यात. अठ्ठ्याऐंशीचे झालेत, दिसत नाही, पण डोकं अजून माझ्यापेक्षा चालतं." मग जरा अवघडून म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात बिशप येणार आहेत. त्या चित्रासाठी एका पेंटरला बोलावलंय मी. चेहरा पुन्हा नीट करून घ्यावा म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले.

मोठे फादर खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायांवर शाल. मी कुणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली आणि पहिला प्रश्न हाच विचारला :

"डोळे दिसायला लागले का?"

"हो."

"दाढी?"

"अर्धी गेली."

त्यांचे हात शालीच्या काठाशी चाळा करत होते. "मी दर वर्षी जाऊन बघायचो," ते म्हणाले. "भिंग घेऊन. एका वर्षी वाटलं, डाव्या पापणीखाली काहीतरी आहे. त्यानंतर मला झोपेतही ते दिसायचं. मग माझेच डोळे गेले, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

"तुम्हीच झाकायला लावलंत ना?"

"मीच. चित्र टांगलं आणि सगळे बिथरले. म्हणाले, हा ख्रिस्त आहे की पोरगी? डोळे उघडे कसे? मी त्यांच्याशी भांडू शकलो असतो. मीच त्यांना लिहिलं होतं, चेहरा कुणा एकाचाच असतो म्हणून. पण पुस्तकाच्या समासात लिहिणं सोपं असतं. मी तुमच्या वडिलांना म्हणालो, तेवढं दुरुस्त करा. एका शब्दाने बोलले नाहीत. दोन दिवसांत करून दिलं आणि हा ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी तो उघडला आठवड्याने. तेव्हा कळलं, मी काय झाकायला सांगितलं ते."

"मग तुम्ही बाबांना भेटला नाहीत?"

"दोनदा दुकानापर्यंत गेलो. ते शिडीवर होते, पाटी रंगवत. मी खालून परत आलो." त्यांनी थोडा श्वास घेतला. "तुमची आई आहे?"

"आहे."

"त्यांना माहीत आहे?"

मी "नाही" म्हणाले. मग मी उठले.

मी ठरवलं होतं की आईला दीड तासाचं सांगायचं नाही. या वयात तिला ते सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण घरात दोनच माणसं असली की लपवणं कठीण. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे बघितलं.

"काय झालंय? चार दिवस भात चिवडतेयस."

"काही नाही."

"काही नाही म्हणायला तुझे बाबा होते. तू नको म्हणूस."

मी म्हणाले, "सेमिनरीतलं बाबांचं चित्र. त्यात चेहरा ताईचा आहे. वरून दुसरा रंग दिला होता, तो आता उडत चाललाय. ते लोक पुन्हा झाकणार आहेत."

आईने घास खाली ठेवला. मग ताईचं नाव घेतलं. अडतीस वर्षांनी, अगदी साध्या आवाजात, जशी ती आतल्या खोलीत असावी. "तिला त्यांनी तिथे नेऊन ठेवलं?" ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, हे पोरीला विसरले." ती हात धुवायला उठली. "उद्या मला ने."

चॅपेलमध्ये तिला बाकापर्यंत मी धरून नेलं. गुडघे टेकवेनात, म्हणून ती बाकाच्या कडेला बसून पुढे वाकली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, चित्राकडे नाही. आधी तिचे ओठ थरथरले. मग थरथर थांबली आणि कपाळावर एक आठी आली, हिशोब न जुळल्यासारखी.

"डोळे उघडे आहेत," ती म्हणाली.

मी चित्राकडे पाहिलं.

"मी पोचले तेव्हा मिटलेले होते. मीच पापण्यांवरून हात फिरवला होता, मला आठवतंय. मिटलेले होते." ती सावकाश माझ्याकडे वळली. "मग यांनी उघडे कधी पाहिले?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहून घेतलं, आणि मग तिला माझ्या उत्तराची गरज उरली नाही.

"हा काढत बसला होता," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. आयुष्यात पहिल्यांदा तिने बाबांचा एकेरी उल्लेख केला. "पोर गेली आणि हा चित्र काढत बसला होता. किती वेळ?"

"दीड तास," मी म्हणाले.

तिने डोकं हलवलं. एखाद्या जुन्या कोड्याचं उत्तर मिळावं तसं. "म्हणून गार होती," ती म्हणाली. "मला सगळ्यांनी वेड्यात काढलं."

तिथून मी तिला माझ्या खोलीत नेलं आणि पाणी दिलं. तिने तो ग्रंथ मागितला. बारीक अक्षर तिला लागेना, म्हणून मी सगळं मोठ्याने वाचलं, छापील आणि समासातलं, पहिल्यापासून. देव, देह, चेहरा. ती मध्ये मध्ये थांबवायची. "म्हणजे काय म्हणायचंय याला?" मला समजलं होतं तेवढं मी सांगायची. ब्रश धुण्याच्या जागी ती अचानक हसली आणि लगेच तिने पदर तोंडाशी नेला. आडव्या पानावरचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला. शेवटची नोंद ऐकून म्हणाली, "तोवर आम्ही दोघंही नसू म्हणे. माझ्याबद्दलचा अंदाज यांचा कधी बरोबर आलाच नाही."

मी विचारलं, "आई, ते झाकायचं का पुन्हा? त्यांना आज उत्तर द्यायचंय."

"ते मग बघू. आधी मला एक हवंय. उद्या पहाटे मला इथे आण. साडेपाचला. आणि कुणी आत यायचं नाही. तूसुद्धा."

रेक्टर फादरांना मी कसंबसं समजावलं. ते सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "सकाळची प्रार्थना आम्ही जेवणघरात करू."

पहाटे अजून अंधार होता. मी आईला चॅपेलच्या बाकावर बसवलं, चित्राजवळचा दिवा लावला आणि दार ओढून घेतलं. बाहेर पायरीवर बसले. आतून पहिला अर्धा तास काहीच आवाज आला नाही. मग आईचा आवाज यायला लागला, हळू, सलग. शब्द कळत नव्हते. कधी ती रागावल्यासारखी वाटे, कधी कुणाला समजावत असल्यासारखी. मध्येच आवाज थांबे, उत्तर ऐकायला थांबावा तसा, आणि पुन्हा सुरू होई. उठून आत जावं असं मला तीनदा वाटलं. मी गेले नाही.

सातच्या सुमाराला मागच्या इमारतीकडून चाकाची खुर्ची आली. एक विद्यार्थी मोठ्या फादरांना घेऊन आला होता. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आईने दार उघडलं तेव्हा ते समोरच होते.

"मी त्यांना ते झाकायला सांगितलं," मोठे फादर म्हणाले. "मला क्षमा करा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे सुजले होते. "झाकलंत ते बरंच केलंत," ती म्हणाली. "नाहीतर माझ्या आधी एवढ्या परक्या पोरांनी तिला बघितलं असतं. पण तुम्ही वाचलं होतंत. मग माझं दार वाजवायचं होतं. मी काही तुम्हाला खाल्लं नसतं."

"चुकलं," ते म्हणाले.

"चुकलंच." ती पायरी उतरली, मग वळून म्हणाली, "दीड तास फार मोठा असतो हो, फादर. मला वाटलं नव्हतं."

त्यांनी हात पुढे केला, अंदाजाने. तिने तो धरला नाही, पण तिथून लगेच हललीही नाही. मी आणि तो विद्यार्थी उगाच दुसरीकडे बघत होतो.

चित्र झाकलं नाही. खरवडून वरचा रंग काढावा असंही एकदा निघालं, पण आई नको म्हणाली. "ती आपली आपण येतेय, येऊ दे." रेक्टर फादरांनी बिशपांना काय सांगितलं मला माहीत नाही. बिशप आले, चित्रापुढे थोडे जास्त वेळ उभे राहिले आणि काही न बोलता जेवायला गेले. पेंटरने भिंतीला रंग दिला. मोठे फादर त्याच वर्षी गेले. तो ग्रंथ मी नव्या कापडात बांधून शेल्फावर परत ठेवला, समास न छाटता.

मला अजूनही त्या चित्रापुढे एकटीला बसवत नाही. दाढी आता सावलीएवढीच उरली आहे आणि डोळे स्पष्ट झालेत. पुस्तक म्हणतं, प्रतिमेला दिलेला मान तिच्यातून पुढे जातो, ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत. ते विद्यार्थी जेव्हा तिथे गुडघे टेकतात तेव्हा तो मान कुणापर्यंत जातो, हे मी विचार करून थकले. आईला तो प्रश्नच पडत नाही. "दोघांनाही जात असेल," ती म्हणते, "त्याला काय कमी आहे?"

बाबांना तिने माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. त्यांच्या फोटोला ती अजून पाठ करून बसते. पण दुपारी माझ्यासोबत कामाच्या खोलीत येते, खिडकीशी खुर्ची ओढते आणि ताईबद्दल बोलते. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी निघतात. ताईला शिवण येत नसे आणि ती शाळेतली शिवणाची वही दुसऱ्या मुलीकडून करून घ्यायची, बदल्यात तिची गणितं सोडवायची. एकदा ती दिवसभर घरात कुणाशी बोलली नाही, फक्त चिठ्ठ्या लिहिल्या, कारण आईने तिला तोंडाळ म्हटलं होतं.

"शेवटच्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं माहीत आहे?" आई म्हणाली आणि हसायला लागली, इतकी की तिला पुढचं सांगता येईना. मी सुई खाली ठेवली आणि ती सांगेपर्यंत थांबले.